पाइपातलं पाणी

मुलुंडच्या दुकानात ओळीनं टांगलेले गिझर,
पांढरे, गुळगुळीत, पोट पुढं काढून,
प्रत्येकाच्या छातीवर तारे.
निमेश म्हणाला, अंकल, पाच तारेवाला घ्या,
तीन वर्षांत पैसे वसूल.
बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला
आणि लेबल वाचायला घेतलं
लग्नपत्रिका वाचतात तसं,
खालच्या बारीक नावांपासून.

एकतीस वर्षं चेंबूरच्या रंगकारखान्यात
ते बॉयलरवर होते.
सर्टिफिकेट अजून कपाटात, साड्यांच्या घडीखाली.
चिमणीकडे बघून सांगायचे:
धूर काळा, म्हणजे हवा कमी, पैसा वर चाललाय.
धूर दिसतच नाही, म्हणजे हवा जास्त,
ती उष्णता उचलून नेते,
कुणाला न सांगता.
मध्ये एक फिकट राखाडी असते,
भिजलेल्या कबुतराच्या पोटासारखी.
तिथं हात थांबवायचा.

निमेशला हे कशाला.
यात फोम जाड आहे, तो म्हणाला,
रात्रभर पाणी गरम राहतं.
रात्रभर कुणाला हवंय? बाबा म्हणाले.
आणि हे तारे टाकीचे झाले.
पाइपाचे कुठंयत?

निमेश हसला.
मीही हसले, जरा त्याच्या बाजूनं.

घरी येऊन त्यांनी प्रयोग लावला.
जुना गिझर माळ्यावर, ओट्याच्या बाजूला,
नळ पार न्हाणीघरात, मध्ये तीन वळणं.
पहाटे पाच. तांब्या. बादली. माझी शाळेची वही,
तिच्यात अजून कोरी पानं होती.
एक, गार.
दोन, गार.
पाचवा, गारच.
सहावा कोमट म्हणता येईल, तुझ्या आईला म्हणता आला असता.
सातवा आंघोळीचा.

नळ बंद केला, की आतलं तेवढंच पाणी
गरम होऊन नुसतं थांबणार, म्हणाले,
आणि भिंतीला देऊन टाकणार.
हात लाव.
मी लावला.
टाइल उबदार होती, मनगटाएवढ्या रुंदीत,
कोपऱ्यापर्यंत, आणि कोपऱ्यानंतरही.
पंधरा वर्षं आम्ही भिंत तापवत होतो
आणि महावितरणचं बिल वेळेत भरत होतो.

रात्रपाळीवरून बाबा यायचे साडेआठला,
दोन बसा बदलून.
कारखान्यात आग, घरी राख,
असं आई म्हणायची, पोळ्या लाटता लाटता, रागानं नव्हे.
मला आठवतो तो एक हात,
माझ्या डोक्याकडे निघालेला
आणि वाटेतच उशीवर पडलेला,
झोपलेला.
मी तो उचलून डोक्यावर ठेवून बघितला होता एकदा.
जड होता.

हे मी त्यांना सांगितलं नाही.
ते वायरच्या जाडीचा हिशेब करत होते.

शेवटी घेतला तीन लिटरचा,
छातीवर एकही तारा नाही,
बसवला थेट नळाच्या डोक्यावर.
निमेशनं पावती फाडली, तोंड पाडून.
इब्राहिम वायरमन म्हणाला, चाचा, लोड जास्त आहे, तांबं महाग पडेल.
पडू दे, बाबा म्हणाले, पडेल ते एकदाच.
आणि मग इब्राहिमला चहा होईपर्यंत
चिमणीतलं कबूतर समजावलं.

आज पेपरात सोळा अंश.
समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन कानटोपी घालून
हिमालयात असल्यासारखा बसलाय.
न्हाणीघरातून आवाज,
बाय, ये गं. पहिलाच तांब्या.
हाताच्या पालथ्या बाजूनं तपासलेला,
स्टीम गेज बघावं तसं तोंड करून.

जुना पाइप भिंतीत तसाच आहे, रिकामा.
काढायचा का, मी विचारलं.
राहू दे, म्हणाले.
भिंत फोडायचा खर्च
कुठल्या लेबलावर लिहितात?