घर झोपून पाहिलं

रुळांपासून एकशे दहा पावलं.
मी मोजली, कारण एजंट "जरा लांबच आहे" म्हणाला होता.
नेब्रास्कातल्या या गावात सगळंच जरा लांब असतं,
रेल्वे तेवढी उशाशी.

भाव तीस हजार डॉलरनी कमी.
का, ते मी विचारलं नाही, गार्थने सांगितलं नाही.
सांगितलं ते कपाटातल्या एका बशीने.
आधी ती एकटीच किणकिणली, मग तिच्या शेजारणी,
मग खिडकीची काच, मग माझी दाढ.
वायोमिंगचा कोळसा निघाला होता पूर्वेला:
पुढे दोन इंजिनं, ढकलायला मागे एक,
मधे एकशे चौतीस डबे,
आणि फाटकापाशी भोंगा
लांब, लांब, तोकडा, लांब.

घर विकणाऱ्या आल्बीना कुचेरा, वय ब्याऐंशी,
बोलता बोलता थांबल्या.
"आमचा थोरला लहान असताना एकदा —"
आणि तशाच उभ्या राहिल्या,
बोट हवेत, तोंड अर्धवट उघडं,
पुरती साडेतीन मिनिटं.
शेवटचा डबा गेला.
"— पोटमाळ्यावर झोपून गेला, आणि आम्ही गावभर शोधतोय!"
मधे काही झालंच नव्हतं जणू.
साठ वर्षांच्या संसारात
किती भांडणं अशी अर्ध्या वाक्यावर उभी राहून
निवून गेली असतील, कोण जाणे.
माझी एकही निवली नाही.
माझं लग्न फार शांत गल्लीत झालं होतं.

"रात्रीचं अंगवळणी पडतं," गार्थ म्हणाला.
"रात्री तर पत्ताही लागत नाही," कुंपणापलीकडून डेल्मर,
गवत कापायचं यंत्र मुद्दाम बंद करून.
जो तो मला रात्रीबद्दल धीर देत होता.
रात्री मी घरी नसतेच.
रात्री मी काउंटीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
लोकांचे श्वास मोजत असते.
माझी रात्र उजाडते सकाळी नऊला.
आणि दिवसाचा आवाज इथे कुणी मोजलेलाच नव्हता,
दिवसा सगळे जागे असतात ना.

मग मी विचारलं,
"इथे एकदा झोपून बघू का?"
गार्थने घड्याळाकडे पाहिलं, मग बुटांकडे.
आल्बीनाबाई चादर काढायला गेल्या.

गुरुवारी ड्यूटीवरून थेट आले.
निळा गणवेश, हाताला सॅनिटायझरचा वास,
आणि पहाटे चारला गेलेल्या एका म्हाताऱ्याचं नाव
अजून जिभेवर.
परक्या बाईच्या पलंगावर आडवी झाले.
पावणेदहाची आली तेव्हा पलंग वीतभर चालला, शपथेवर सांगते.
सव्वादहाची आली तेव्हा मी उशी कानावर घेतली
आणि तीस हजारांना तीनशेसाठ महिन्यांनी भागलं.
त्यानंतरचीचे डबे मोजले,
एकोणसाठपर्यंत आठवतंय.

जाग आली ती दचकून.
खोलीत काहीतरी कमी होतं.
दुपारचा दीड. पुढे कुठेतरी रूळ बदलत होते,
लाइन बंद होती, हे मला नंतर कळलं.
तेव्हा फक्त बशा ऐकू आल्या नाहीत.
स्वयंपाकघरात आल्बीनाबाई फोनवर, दबक्या आवाजात:
"झोपलीये अजून. उठली की तिला सांगणार आहे की —"
आणि थांबल्या.
सवयीने. दीडच्या गाडीसाठी.

गाडी आली नाही.
बोट हवेतच.
फोनमधून लेक हॅलो, हॅलो करत राहिली.
मी अनवाणी दारात, गालावर उशीची वळी,
आणि आम्ही दोघीही
त्या न आलेल्या गाडीचा शेवटचा डबा जायची वाट बघत.

काय सांगणार होत्या, ते राहिलंच.
त्यांनी कॉफी ओतली.
संध्याकाळी गार्थला फोन केला:
आणखी चार हजार उतरवा,
आणि कपाटातल्या बशा
घरासोबत राहू द्या.