बिनडोक पेटी

केर्ट म्हणाली, आजोबा, आधी सांगा, किती खण हवेत?
दोन, चार की पाच?
काउंटरवर पेट्या मांडलेल्या, काळ्या,
पाव ठेवायच्या डब्याएवढ्या.
मी खण मोजत नव्हतो. कान लावून उभा होतो.

पहिलीचा पंखा म्हणजे सर्दी झालेला म्हातारा.
दुसरीत कुणीतरी भिंतीपलीकडे पुटपुटत होतं,
संपवतच नव्हतं.
तिसरी गप्प, पण टेबलावर हात टेकला
की तळहाताला मुंग्या.
एकतीस वर्षं सोमाच्या दलदलीत
मायक्रोफोन धरून बसलो,
श्वासदेखील उसना घेतल्यासारखा, जपून.
आता घरात, पुस्तकांच्या फळीवर,
रात्रंदिवस गुरगुरणारं जनावर कसं आणू?

घरी अकरा डिस्क आहेत, बुटांच्या खोक्यात,
एकेका लोकरी मोज्यात एकेक,
मोज्याला साल टाचलेलं.
परवा २००९ टकटक करू लागली.
सुतारपक्षी, मी म्हणालो, आणि खिडकीकडे पाहिलं.
पक्षी नव्हता.

केर्ट समजावत होती:
या दोन खणांत एकीचा आरसा दुसरी.
एक मेली तरी दुसरी असतेच.
आणि मीच चुकून पुसलं तर?
तर आरशातही पुसलं जाणार.
आरसा कुणाची बाजू घेत नाही, आजोबा.

आणि पेटीच बिघडली?
इथे ती थोडी थांबली. प्रामाणिक पोर.
म्हणाली, ही डोकेवाली पेटी
सगळ्याचे तुकडे करते, आपल्या हिशेबाने वाटून ठेवते.
ती गेली की तिचीच सख्खी बहीण शोधायची.
दुसऱ्या कुणाला तो हिशेब वाचता येत नाही.

मग बिनडोक द्या, मी म्हणालो.
डिस्क धरील, वीज देईल,
आणि मध्ये बोलणार नाही, अशी.
चार खण. एकशे अठ्ठ्याहत्तर युरो.
प्रत कुठे ठेवायची ते डोकं माझं मी चालवीन,
चालतंय तोवर.

लेइदाने पेटीवर हात ठेवला.
तिचं कानातलं यंत्र स्वयंपाकघरात राहिलं होतं.
पंखा विचारण्यात अर्थ नव्हता.
ऊबदार आहे, ती म्हणाली. मांजर बसेल.

तीन रात्री उतरवून घेतोय.
एक फोल्डर आहे, नाव 'फेकायचं'.
क्रौंच, एप्रिल, पहाट, पुराचं पाणी
(आमच्याकडे तो पाचवा ऋतू, अंगणात होडी येते),
आणि बाविसाव्या मिनिटाला, अगदी हळू,
'हेल्दुर, कॉफी संपली.'
घुबड, आणि एक शिंक.
बर्फ तडकतानाचा सुंदर आवाज, आणि त्यावर,
'पाय गार पडले रे माझे.'
त्या त्या वेळी मी किती चिडलो होतो!
एकदा परतीच्या वाटेवर बोललोच नाही,
तोरीपर्यंत.
कापून काढलं सगळं. टाकून मात्र दिलं नाही.
का, ते ठाऊक नाही. कंजुषी असेल.

आता ती खालच्या खोलीत बोलते ते मोठ्याने,
स्वतःचं ऐकू न येणाऱ्या माणसासारखं.
तो हळू आवाज फक्त इथे आहे,
कचऱ्यात.

म्हणून 'फेकायचं' दोन खणांत ठेवलं.
तिसरी प्रत मोज्यात घालून
यूलोकडे प्यार्नूला पाठवतोय.
तो विचारील, यात काय आहे?
सांगेन, चुका.
क्रौंच एकाच डिस्कवर राहू देत.
क्रौंच अजून येतात.

चौथा खण रिकामा.
मांजर वर बसलंय, पंख्याची झडप अडवून;
उठवायला हवं.
खालून हाक येते, 'झालं का?'
पडद्यावर चाळीस मिनिटं उरलीत.
मघाशी पस्तीस होती.