हातचा

आरोसाच्या खाडीत निलगिरीच्या ओंडक्यांचे तराफे
दोरांना लगडलेले काळे शिंपले घेऊन डुलत असतात.
त्यांना काय माहीत,
यंदा त्यांच्याही नावाने खातं उघडलंय.

मला मार्चमध्ये बोलावलं.
ब्रेइशो म्हणाला, माद्रिदचे दुकानदार विचारतायत,
एका डब्यामागे धूर किती.
म्हटलं, धूर नाही, वायू. तो दिसत नाही.
‘मग मोजणार काय?’
बिलं, म्हटलं. बिलं दिसतात.

बॉयलरच्या गॅसची, विजेची, डिझेलची,
डब्यांच्या पत्र्याची,
हाएनहून टँकरने येणाऱ्या ऑलिव्ह तेलाची,
एक बिल तर फक्त लेबलांच्या डिंकाचं.
फळ्यावर तीन वर्तुळं काढली:
जे आपण जाळतो,
जे आपल्यासाठी दुसरं कुणी जाळतं,
आणि जे आपल्यामुळे जळतं
पण तिकडे आपली पाठ असते.
तिसरं वर्तुळ फळ्यावर मावेना.
खडू भिंतीवर गेला, तेव्हा ब्रेइशोने दार लावून घेतलं.

शिंपले सोलणाऱ्या बायकांना कागद वाटला:
कामावर कशा येता? किती किलोमीटर?
दोसिंदाने लिहिलं,
चालत. चौतीस वर्षं.
तिच्या नावापुढे मी शून्य मांडलं
आणि मग बराच वेळ त्याच्याकडेच बघत बसले.
केवढं गोल, केवढं स्वस्त.
मनगट दुखतं का, असा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

एप्रिलच्या शेवटी बेरीज जमली.
सुंदर जमली, म्हणून झोप लागेना.

शीतगृहाच्या कपाटात, हातमोज्यांखाली,
एलादिओची वही सापडली. तो निवृत्त होऊन दोन वर्षं झाली.
पेन्सिलीने, तेलकट बोटांनी:
अकरा किलो भरले.
नऊ किलो भरले.
पुन्हा अकरा.
भरले, म्हणजे कमी पडले होते.
कमी पडले, म्हणजे कुठेतरी गेले होते.
आणि त्या गॅसचा एक किलो
कर्बवायूच्या तराजूत जवळजवळ चार टन भरतो.
गुणाकार तीनदा केला.
आमच्या सगळ्या ट्रकांचं वर्षभराचं डिझेल एकीकडे,
आणि केसाएवढी एक फट एकीकडे.

शाळेत दोना एर्मितास सांगायच्या,
हातचा विसरलात
तर बेरीज दिसायला नीट असते,
फक्त खरी नसते.

ब्रेइशो कॉफी घेऊन आला.
वही वाचली. खिडकीपाशी गेला.
मग हळूच म्हणाला, आधारवर्ष हेच धरू या का?
सगळ्यात जास्त गळलं ते?
म्हणजे पुढे दरवर्षी आपण सुधारलेलेच.
तो वाईट माणूस नाही.
खाडीत विषारी लाल पाणी चढलं होतं, तीन महिने तराफे बंद,
तेव्हा त्याने एकालाही घरी बसवलं नव्हतं.
मी कॉफी प्यायले.
साखर घालायची राहिली होती, ती मागितली नाही.

संध्याकाळी बारमध्ये एलादिओ डोमिनो खेळत होता.
तुला माहीत होतं?
‘ऐकू यायचं,’ सोंगटीवरची नजर न काढता तो म्हणाला.
‘रात्रपाळीला, पंखे थांबले की.
वर सांगितलं होतं. वर म्हणाले, भर.’
डाव हरला, उठला,
बारवाल्याकडून भांडी घासायचा साबण घेतला, एक वाटी, एक ब्रश.

कंप्रेसरच्या मागे जागा एका माणसाची,
आम्ही दोघं शिरलो.
त्याने सांध्यांवर फेस लावला,
दाढी करायच्या आधी लावतात तसा, सावकाश.
पहिला सांधा: काही नाही.
दुसरा: काही नाही.
तिसऱ्यावर फेस जरा हलला,
एक बुडबुडा आला, फुगला,
त्यात दिव्याची वाकडी नळी दिसली, माझं नाक दिसलं.
फुटला.
मग दुसरा.

मी पेन्सिल शोधू लागले.
‘लिहिशील गं,’ एलादिओ म्हणाला, ‘आधी हे धर,’
आणि पाना माझ्या हातात दिला.