फरवानिया ते महबूला

जुलेखाचा पहिला निरोप : दोन दिवस आधीच पाणी तोड.
ओल्या मुळांना थंडी लवकर धरते.
दुसरा : वर्तमानपत्राचा शंकू कर, शेंडा झाक,
पण आवळू नकोस, बाळंतिणीच्या कानाला बांधतात तेवढंच.
तिसऱ्यात बराच वेळ नुसता श्रीवर्धनचा पंखा,
कुकरची एक शिट्टी,
मग, "ऐकतोयस ना?"

ऐकतोय.
सासऱ्यांना पटत नाही,
वाळवंटात म्हणे कसली आलीय थंडी.
काल पहाटे वजू करताना नळाचं पाणी
हाडापर्यंत गेलं,
गॅलरीत राहिलेल्या ओल्या फडक्याचा पापड झाला.
घर सोडायचं ते जुम्म्यानंतर, उन्हात,
असं आमचं ठरलं होतं.
हाफ लॉरी आली मगरिबला.

गाद्या चढल्या, फ्रिज चढला,
तिची शिलाई मशीन, जी विकायला मन झालं नाही.
राहिल्या कुंड्या.
अँथुरियम, दीड दिनारचं,
मला तिनं अर्धा सांगितला होता.
कॅलेथिया, रात्र झाली की पानं वर उचलते.
"हिची इशा चुकत नाही," म्हणायची,
पुढचं बोलायची नाही, नुसती माझ्याकडे बघायची.
आणि तिच्या अब्बांच्या आगरातली मिरवेल,
दोन पेरं ओल्या रुमालात, सामानाच्या तळाशी आलेली.
सहा वर्षांत इथं एक दाणा धरला नाही तिनं,
पण वाढते आहे, पडद्याच्या दांडीवरून.

शेरजमान दीरचा, बर्फातला माणूस.
एक पान त्यानं अंगठ्यानं चाचपलं,
मागच्या उघड्या हौद्याकडे पाहिलं,
वारा उत्तरेचा, रस्त्यावरच्या पिशव्या उडवणारा.
म्हणाला, गादीला वारा लागला तर लागला.
हे मरेल.
पुढं जागा तिघांची.
तो, त्याचा पोरगेला भाचा नूरवली,
आणि तिसरी माझी.

मी बसनं गेलो.
जाण्याआधी खिडकीत वाकून सांगितलं,
हीटर पायाशी सोड, पानांवर गरम झोत नको.
शेरजमान हसला,
अकरा वर्षं गाडी चालवतोय,
हीटर कुठं सोडू, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

बसची खिडकी बोटभर उघडी, अडकलेली.
फहाहीलच्या रस्त्यावर ती बोटभर फट
कानात शिट्टी वाजवत राहिली.
मी मफलर वर ओढला आणि तेव्हा लक्षात आलं,
आपण स्वतःला शंकू करतो आहोत.

महबूलाला पोचलो तर लॉरी आधीच उभी.
नूरवली झोपलेला, जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत,
आणि गळ्याशी, कॉलरमधून,
मिरवेलीची तीन पानं बाहेर डोकावत होती.
कुंडी त्यानं पोटाशी धरली होती.
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.
मामानं हाक मारली तर दचकून आधी वेल चाचपली,
मग डोळे चोळले.
पैसे देताना दोन दिनार जास्त दिले,
त्यानं एक परत केला.

नवी खोली, तीन खाटा, माझी दाराजवळची.
खिडकी तिघांची असते, म्हणून विचारून ठेवल्या.
चौथा निरोप : आल्या आल्या पाणी नको.
खत नको, कुंडी बदलणं नको, जागा हलवणं नको.
आठवडाभर काही विचारू नकोस त्यांना.
मला वाटलं, हे कुणी माझ्या खोलीवाल्यांनाही सांगावं.

पाचवा मात्र मी उशिरा ऐकला :
पान काचेला टेकू देऊ नकोस रात्री.
सकाळी अँथुरियमचं एक पान
काचेला चिकटून, काळंनिळं,
उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं.
कात्रीनं कापलं, कचऱ्यात खाली दाबलं, वर चहाची पत्ती टाकली.
मग फोटो काढला.
डावीकडून, थोडा वरून,
कापलेला देठ येणार नाही असा.

श्रीवर्धनला तेव्हा दुपार असेल, भात उपसला असेल.
उत्तर लगेच आलं.
"छान दिसतायत.
चौथं पान कुठं गेलं?"