कर्त्याची जागा

तलाव रोज चार सेंटिमीटर पाणी गमावायचा.
डिलिस पेनरी, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका,
भिंतीवरच्या निळ्या पट्टीवरून ते मोजायची,
पोहण्याआधी एकदा, केस पुसताना एकदा,
आणि वहीत लिहायची, पेन्सिलने,
शाई ओल्या हातांना दाद देत नाही म्हणून.

अबरवेनला तलाव मिळाला तेव्हा बँड वाजला होता.
समुद्राकडून वारा असा
की महापौरांच्या गळ्यातली साखळी
फिरून त्यांच्याच पाठीवर गेली.
पितळी पाटीवर अकरा नावं कोरलेली.
एक कोटी चाळीस लाख पौंड
हा आकडा तेवढा पाटीवर मावला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात भिंतीच्या फरश्या सुटल्या,
रात्री, कोणी नसताना, एकेक, पाण्यात.
छताचे बोल्ट क्लोरीनच्या वाफेने चहाच्या रंगाचे झाले.
कुठेतरी पाणी मुरतंय, गाव म्हणायचं,
आणि या खेपेला ते खरंच मुरत होतं:
कार पार्कच्या डांबराखाली,
शेजारच्या बोलिंगच्या हिरवळीत,
जिथे कोरड्या जुलैत सगळं गवत जळालं
आणि एकच पट्टा निर्लज्ज हिरवा राहिला.

मग कुलूप. मुलं आता बसने बावीस मैल जातात,
पोहायला मिळतं वीस मिनिटं, उलट्या होतात दोन्ही वेळा.
डिलिस काचेबाहेरून दुर्बीण लावते,
पक्षी बघायला घेतलेली.

अहवाल आला. एकशे बारा पानं.
दुरुस्तीला आणखी साठ लाख.
सभेत नागरिकाला मिळतात तीन मिनिटं.
डिलिस लाल पेन घेऊन उभी राहिली.

"सांधे भरले गेले नाहीत. तपासणी राहून गेली.
खर्च वाढला. चुका झाल्या.
एकशे बारा पानं मी चाळली, कर्ता कुठेच नाही.
माझ्या वर्गातल्या मुली फुलदाणी फुटली की असंच म्हणायच्या:
बाई, ती फुटली."

कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
ठेकेदार कंपनी विसर्जित झाली आहे, ते म्हणाले
(त्याच फोन नंबरवर तोच आवाज
आता दुसरं नाव सांगतो).
तेव्हाचे अभियंते निवृत्त झाले आहेत.
निर्णय सामूहिक होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून गेथिन उठला.
तलावाचा रखवालदार. जाकिटाला अजून तोच वास.
"पहिल्याच आठवड्यात भिंतीच्या बुडाशी ओल दिसली.
मी वर कळवलं. वरून फॉर्म आला,
सोबत चिठ्ठी, कुठे खूण करायची त्याची.
मी 'समाधानकारक'वर केली.
सही माझी आहे."

रेडिएटर टकटकत राहिला.
आणि व्यासपीठावरचे खांदे
एकामागून एक, हलकेच, खाली आले,
ओझं उतरवून घेणारा माणूस दाराशी आल्यासारखे.

डिलिस ओरडली, "नाही, याला नाही विचारलं मी!"
पण तिची तीन मिनिटं केव्हाच संपली होती.

हे सगळं मला ठाऊक आहे, कारण इतिवृत्त मी लिहिते.
एकोणीस वर्षं, मंगळवारी संध्याकाळी, कडेच्या टेबलावर.
गेथिनला घरी बसवलंय, चौकशी होईपर्यंत.
मसुद्यावर अध्यक्षांची दुरुस्ती आली आहे:
'एका कर्मचाऱ्याने निष्काळजीपणा केला.'
सगळ्या कागदांतलं पहिलं वाक्य,
ज्याला कर्ता आहे.

रात्रीचे साडेदहा. ऑफिसात मी एकटी.
गेथिनने वर कळवलं होतं
ते पत्र माझ्या टेबलावरून पुढे गेलं.
फॉर्म आणि चिठ्ठी माझ्या टेबलावरून खाली गेली.

पुढे गेलं. खाली गेली.
बघा, हाताला किती सवय झाली आहे.

मी खोडते. पुन्हा लिहिते.
पत्र मी पाठवलं. कोणाला, ते इथे लिहिते आहे.
चिठ्ठी मी पाठवली. अक्षर कोणाचं होतं, तेही.