बारा मीटर काच

एकतीस वर्षं मी तांबं जोडलं.
सेलूच्या एक्स्चेंजची जॉइंटर, खड्ड्यात उकिडवी बसून
शंभर जोड्यांची केबल सोलायची,
निळा-पांढरा, नारिंगी-पांढरा;
रंग चुकला की एकाचं सुतक
दुसऱ्याच्याच घरी वाजायचं.

आणि आता माझ्या घरात
बैठकीतल्या राउटरपासून मागच्या खोलीतल्या स्ट्रीमरपर्यंत
मुबीन काच ओढतोय.

"मॅडम, बारा मीटरला फायबर कोन लावतंय?
गाणं तेच यायलंय. एक अन् शून्य."

बरोबर आहे त्याचं.
एक आणि शून्य चिखलात रुतत नाहीत.
पण केबलच्या जाळीतून घरघर येते, बाबा.
इन्व्हर्टरची, अडॅप्टरची,
शेजारी तोष्णीवालांची बोअर लागली
की माझ्या स्पीकरमध्ये पाणी चढतं.
अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ घातलं, कोळसा घातला.
मे महिन्यात त्याला रोज एक बादली पाहिजे
आणि नळ येतो आठव्या दिवशी.
आधी माठ, मग खड्डा.
खड्ड्याची पाळी कधी आलीच नाही.

काचेतून वीज जात नाही.
एवढंच मला हवं होतं:
या टोकाला तांबं, त्या टोकाला तांबं,
मधे बारा मीटर नुसता उजेड.

मुबीननं टोकाला लाल पेन लावला.
चौकटीपाशी काच जरा जास्त वाकली होती,
तिथून लाली झिरपली,
टॉर्च मुठीत धरल्यावर बोटांतून झिरपते तशी.
"इथं गळायलंय बघा," म्हणाला, वळण सैल केलं.
"खरा उजेड दिसत नसतो.
पन टोकात डोळा घालू नका."

मग मी गफूर मास्तरांचं क्लॅरनेट लावलं.
अठ्ठ्याऐंशीची कॅसेट, परवा फाईल करून घेतलेली.
लग्नसराई सरली की बँडचा लाल कोट खुंटीला टांगून
मास्तर त्र्यंबककाकांच्या गिरणीमागं वाजवत बसायचे,
कुणासाठी नाही.
टेपरेकॉर्डर मी पोत्यावर ठेवला होता.

घरघर आहेच.

मुबीन माझ्याकडं बघतो.
चार हजार सहाशे रुपये.
मी कन्व्हर्टरचे दिवे बघते. दोन्ही हिरवे.
स्पीकरला कान लावते.
नाही, ही मोटार या घरातली नाही.
ही ज्वारी आहे.
ज्वारीला गिरणी घशातून बोलते,
हरभरा टाकला की दात खाते.
आणि हा डबा आपटल्याचा आवाज,
आणि आता हरभरा.
माझी घरघर गेली तेव्हा कुठं
तिच्याखालची ही घरघर वर आली.

चौथ्या मिनिटाला गावाची लाईट जाते.
पट्टा फटफट करत मंदावतो,
जातं एक शेवटचा वेढा घेतं
आणि थांबतं.
टेप सेलवर चालू.
मास्तर एक सूर अर्धाच धरून थबकतात.
तेवढ्यात कुणीतरी, बहुतेक काकाच, पिठानं भरल्या गळ्यानं:
"वाजवा मास्तर, वाजवा.
आत्ता कुठं ऐकू यायलंय."

इतकी वर्षं ही कॅसेट माझ्याकडं आहे,
हे वाक्य तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

मास्तर वाजवतात. श्वास घेताना
नळीवरची चावी खुळखुळते, पितळेची, सैल.
मुबीन पक्कड हातात धरून
उंबऱ्यावरच बसलाय.
शेजारी बोअर लागली असावी;
मी भिंतीला तळवा टेकवला तर
हाताला कळलं, कानाला नाही.

मग खट्.

"लाईट कव्हा आली मग?"

काय सांगू.
टेप आधी संपली.