फुंकरीचा गुण

भरमू आला निपाणीहून, काखेत बिस्किटाचा पत्र्याचा डबा.
आत व्हिडिओ गेमच्या अठरा कॅसेटी,
काही मराठी पेपरात गुंडाळलेल्या, काही कन्नड.
"घर पाडूलालोय गं अक्का. पोरगी म्हणते टाकू नको.
ह्यातलं एकतरी चालूलालंय काय बघ."

शहापुरात माझं दुकान,
मोबाईलच्या फुटक्या काचा बदलायचं.
असलं काम कुणी आणत नाही.
मी शटर अर्धं ओढलं.

कवच उघडलं तर आत बोटभर हिरवी पाटी
आणि तिच्यावर डांबराचा एक काळा थेंब.
बस.
रणगाडे, बदकं, कासवं, ढगातला किल्ला
एवढ्याशा थेंबात राहायचे.

खाली तांब्याचे दात, या बाजूला तीस, त्या बाजूला तीस.
कापूस स्पिरिटमध्ये बुडवून
एकाच दिशेनं ओढायचा, मागेपुढे नाही.
पॉलिश पेपर लावायचा नाही, दात झिजतात.
पहिला कापूस तपकिरी निघाला.
हुंगला.
तंबाखू.
आमच्या गल्लीत वखारीची धूळ भाकरीवरसुद्धा बसायची,
ती कॅसेटीला कशी सोडेल?

दुसरा कापूस हिरवा.

आदगोंडा काकांनी पुढच्या सोप्यात दोन टीव्ही मांडलेले.
रुपयाला दहा मिनिटं. टीव्हीवर गजराचं घड्याळ.
पोरं खेळायची,
मी दारात उभी, आईच्या विड्यांची सुपली डोक्यावर.
मला कुणी रिमोट दिला नाही.
पोरगी, आणि वर रुपया नाही.
पण कॅसेट अडली,
पडद्यावर राखाडी चौकोन थरथरायला लागले
की काका हाक मारायचे:
"त्रिशला कुठाय? बोलवा तिला.
तिच्या फुंकरीला गुण आहे."

सुपली खाली ठेवून मी आत जायची.
डोळे मिटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत
बाजा वाजवल्यासारखी फुंकायची.
लागायची, बरं का. दर वेळी.
पोरं ओरडायची, आणि मी सुपली उचलायची.

आता कळतं, फुंकरीनं काही होत नव्हतं.
काढून पुन्हा घातली की लागायचीच.
फुंकरीतला ओलावा मात्र
तांब्यावर बसून राहिला, तीस वर्षं,
हिरवा होत.

म्हणजे मी माझाच श्वास पुसत होते.

तेरा कॅसेटी लागल्या. पाच गेल्या.
एकेक पिशवीत घातली, सोबत दमट धरू नये म्हणून
बुटांच्या खोक्यातली ती पांढरी पुडी.
वरच्या लेबलावरची चिनी की जपानी अक्षरं
तेव्हाही कुणाला वाचता आली नव्हती,
कुणाचं अडलंही नव्हतं.
आम्ही आमचीच नावं ठेवलेली: "टोपीवाला", "दोन भाऊ", "चिडका".
भरमू म्हणाला, "कन्नडमधनं लिही, पोरगीला तेच वाचता येतंय."
मी लिहिलं. "चिडका"चा "च" दोनदा खोडावा लागला.

"किती झाले?" त्यानं पाकीट काढलं.

"दहा मिनिटं," मी म्हटलं.
तो बघतच राहिला.
मग त्यानं मोबाईलवर गजर लावला,
स्टूल ओढून माझ्या पुढ्यात ठेवलं,
आणि स्वतः जाऊन
दारात उभा राहिला.